खणातल्या दोन नळ्या

आमच्या मेजाला डाव्या हाताला एक खण आहे. त्यात स्नानसंस्काराच्या दाखल्यांचे कोरे कागद नाहीत की प्रवचनांची टिपणेही नाहीत. त्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गेल्या पंचवीसएक वर्षांत आमच्या पाच धर्मग्रामांत बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीत पुस्तकांची खोकी टेम्पोतून मागाहून आली. हा डबा मात्र आमच्या मांडीवर बसूनच नव्या घरी आला. त्यात काय आहे, असे कोणी विचारले तर सांगायला संकोच वाटावा. तारेची वेटोळी, निरनिराळ्या मापांचे खिळे, मोडक्या पात्याचा चाकू, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि चिकटवण्याच्या औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या वापरलेल्या नळ्या.

डबा आमच्या वडिलांचा. ते मुंबईतील एका कारखान्यात फिटर होते. पहाटेची लोकल धरून वसईहून जायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे. रविवारी मिस्सा आटोपली की ओटीवर हा डबा उघडत. शेजारपाजारचे लोक छत्रीची दांडी, कंदिलाचा पाय, शिवणयंत्राचे चाक असे काही ना काही घेऊन येत. वडिलांनी नळी दाबताना, दोन थेंब शेजारीशेजारी ठेवताना आणि काडीने ते घोटताना आम्ही तासन् तास पाहिलेले आहे. त्यांच्या पश्चात डबा आमच्याकडे आला. त्याबरोबर दुरुस्तीची हौसही आली. कौशल्य मात्र वारशाने येत नाही, हे कळायला आम्हांला पन्नाशी गाठावी लागली.

दोन नळ्यांच्या या औषधाला शास्त्रीय भाषेत एपॉक्सी म्हणतात. आपल्याकडे मात्र लाकडाचा डिंक म्हणजे फेव्हिकॉल, तसे दोन नळ्यांचे औषध म्हणजे अरल्डाइट; दुकानदार कोणत्याही कंपनीचे देवो, गिऱ्हाईक मागते ते याच नावाने. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही सारखे घ्यावे, घोटावे, लावावे, दाबून ठेवावे. इतके सोपे काम करायला धर्मगुरूंना सेमिनरीत वेगळे शिक्षण लागत नाही, अशी आमची समजूत होती. धर्मग्रामातील लोकांचीही तशीच समजूत होती. ‘फादरांकडे द्या, ते चिकटवून देतील,’ असे लोक म्हणू लागले आणि खरे सांगायचे तर ते ऐकून आम्हांला बरे वाटू लागले.

एकदा तर एका विवाहविधीच्या प्रवचनातही आम्ही या नळ्या आणल्या. दोन निराळी द्रव्ये एकत्र येतात आणि मग कोणी वेगळी करू शकत नाही, इथवर ठीक होते. पण पुढे आम्ही असेही सांगितले की, हार्डनर म्हणजे घरातील शिस्त. ती चिमूटभर जास्त पडली तर बिघडत नाही, उलट घर लवकर घट्ट होते. नवऱ्या मुलाच्या आईने तेव्हा समाधानाने मान डोलावल्याचे आठवते. नवरीचा चेहरा आम्ही पाहिला नव्हता. त्या वाक्यातील रसायनशास्त्र सपशेल चुकीचे होते, हे आम्हांला पुढे फार महागात कळले. ती हकीकत सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

२०१८ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. पावसाची झड लागलेली होती. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी सकाळच्या मिस्सेनंतर ओसरीवर थांबल्या. वय ऐंशीच्या आसपास, अंगावर लाल लुगडे, हातात शिसवी काठी. काठी त्यांच्या यजमानांची. तिला वरून पितळेची मूठ बसवलेली होती आणि ती मूठ काही दिवसांपासून हलत होती.

“फादर, एवढी मूठ बसवून द्या. हिच्या आधाराने तर मी देवळात येते,” त्या म्हणाल्या.

आम्ही काठी ठेवून घेतली आणि उद्या सकाळी न्या, असे सांगितले. त्या दिवशी एक अंत्यविधी होता, शाळेच्या समितीची बैठक होती. रात्री साडेदहाला आम्ही डबा उघडला. दुकाने बंद झालेली. डब्यात दोन नळ्या होत्या; कधी आणलेल्या, ते आठवत नव्हते. एका नळीचे टोपण घट्ट बसले होते. ते पक्कडीने पिरगळून काढले, तेव्हा तोंडाशी खड्यासारखा गोळा जमलेला दिसला. मागे कधीतरी घाईत दोन्ही नळ्यांची टोपणे अदलाबदल झाली होती. एकीच्या टोपणातील अंश दुसरीच्या तोंडाशी जाऊन तिथेच दगड झाला होता. आम्ही खिळ्याने भोक पाडले. आतले रेझिन स्वच्छ निघाले. हार्डनर मात्र मधासारखा तपकिरी आणि तारा सुटण्याइतका दाट झाला होता.

इथे थांबायला हवे होते. आम्ही मनाशी म्हटले, हार्डनर जुना आहे, त्याचा जोर कमी झाला असेल, तर थोडा जास्त घालू. शिवाय सकाळपर्यंत घट्ट व्हायला हवे. म्हणून रेझिनच्या दीडपट हार्डनर घेतला, काडेपेटीच्या काडीने चार वेळा फिरवला, काठीच्या टोकावरचा जुना डिंक न खरवडताच वर लेप दिला आणि मूठ दाबून बसवली. सकाळी मावशी आल्या. मूठ हलत नव्हती. त्यांनी काठी कपाळाला लावली आणि आमच्या मेजावर दोन केळी ठेवून गेल्या.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायऱ्या उतरताना मावशी पडल्या. पायऱ्यांवर पावसाळी शेवाळ होतेच. लोक धावले. उजवे मनगट मोडले होते. आम्ही झगा न उतरवताच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेले. हाड बसवले, प्लास्टर घातले. विचारणाऱ्या प्रत्येकाला मावशी एकच सांगत होत्या : “पाय घसरला. पावसाचे दिवस आहेत, चालायचंच.”

संध्याकाळी देवळाचा सेवक काठी घेऊन आमच्याकडे आला. काठी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात. मुठीच्या पोकळीत बोट घातले. आठ दिवसांनंतरही आत चिंगमसारखा मऊ थर होता. नखाने ओढला तर लांबत होता. पाय घसरला नव्हता. मावशींनी पायरीवर भार टाकला, मूठ काठीवर फिरली आणि निसटली.

सेवकाला काय समजले होते, कोणास ठाऊक. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. आठवडाभर आम्ही दररोज मावशींना कम्युनियन द्यायला घरी जात होतो, प्रकृती विचारत होतो आणि काठीविषयी मौन पाळत होतो. त्यांच्या मुलाने ‘देवळाच्या पायऱ्या घासून घ्यायला हव्यात, फादर’ असे म्हटले. आम्ही ‘होय’ म्हटले आणि माणसे लावून पायऱ्या घासूनही घेतल्या. पायऱ्या इतक्या स्वच्छ केल्या की आमच्या चुकीला लपायला तेवढीच जागा पुरली. इतरांच्या कबुल्या वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचे एक वाक्य जुळवता येत नव्हते.

आठव्या दिवशी आम्ही काठी आणि मूठ वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो, मावशींच्या खाटेशी बसलो आणि घडले ते मुलासमोर सांगितले. नळी जुनी होती, आम्हांला शंका आली होती, तरीही लावली. मुलगा काही क्षण आमच्याकडे पाहत राहिला आणि उठून बाहेर गेला. मावशी म्हणाल्या, “मला ठाऊक होतं, फादर. पहिल्या दिवसापासून मूठ हाताला चिकट लागत होती. दाबली की आत सरकायची.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही केलेलं काम. परत कसं आणून द्यायचं?”

हे वाक्य आमच्या मनात प्लास्टरपेक्षा अधिक काळ राहिले. जुन्या नळीतील औषध खराब झाले, ही साधी बाब होती. परंतु आमच्या कामाला कोणी नावे ठेवणार नाही, हे आम्ही इतके गृहीत धरले होते की, तपासण्याची गरजच वाटली नाही आणि जिच्या हाताला दोष जाणवत होता तिने तो सांगायचे धाडस केले नाही. मोडले ते मात्र तिचे मनगट.

त्यानंतर आम्ही या नळ्यांचा थोडा अभ्यास केला. धर्मग्रामातील एक गृहस्थ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असत. त्यांच्या घरी जाऊन विद्यार्थ्यासारखे बसलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “फादर, हे औषध सुकतं, असं तुम्ही म्हणता. काय सुकतं?”

आपण सारेच तसे म्हणतो. फेव्हिकॉल सुकतो, ते खरे आहे. त्यातील पाणी उडून जाते आणि डिंक मागे उरतो. एपॉक्सीत उडून जाण्यासारखे पाणी नसते. तिथे दोन द्रव्यांची रासायनिक क्रिया होते. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंचे लहान कडे असते. हे कडे ताणलेले असते, उघडण्याच्या तयारीत असते. हार्डनरमध्ये अमाइन जातीची नायट्रोजनयुक्त द्रव्ये असतात. ती कडे उघडतात आणि स्वतः तिथे जोडली जातात. असे रेणूमागून रेणू जोडले जाऊन चहूबाजूंनी विणलेले एक जाळे तयार होते. म्हणून घट्ट झाल्यावर हे औषध पुन्हा पातळ होत नाही. वाऱ्यावर ठेवल्याने काम लवकर होत नाही. ऊब दिल्याने होते. तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. जानेवारीच्या पहाटे म्हणूनच वेळ अधिक लागतो.

आणि आता आमच्या प्रवचनाची चूक. हार्डनर हा बाहेरून येऊन घट्ट करणारा कोणी मुकादम नव्हे. तो त्या जाळ्याचाच धागा होतो. जितकी कडी तितकेच हात हवेत. हार्डनर जास्त झाला तर उरलेल्या हातांना धरायला कडी मिळत नाहीत, धागे अर्धवट सुटे राहतात आणि जोड मऊ, चिवट, चिकट राहतो. कमी झाला तर कडी तशीच उरतात. ‘घट्ट करणारा’ या नावानेच आपली फसगत होते : जास्त घातला की जास्त घट्ट, असे वाटते. ज्या जोडप्याला आम्ही तो उपदेश केला होता, त्यांच्या घरी पुढे आम्ही चहाला गेलो तेव्हा ही दुरुस्ती सांगितली. सूनबाई मनापासून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

या औषधाचा इतिहासही गंमतीचा आहे. १९३०च्या दशकात पियेर कास्तां हे स्विस रसायनशास्त्रज्ञ दंतवैद्यकाच्या वस्तू करणाऱ्या एका कंपनीत कवळ्यांसाठी योग्य द्रव्य शोधत होते. त्या शोधातून हे रेझिन हाती आले. कवळ्यांच्या धंद्यात त्याचा जम बसला नाही. बाझल शहरातील सिबा कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ साली अरल्डाइट या नावाने ते चिकटवण्याचे औषध म्हणून लोकांपुढे आणले. त्याचा भारतातील व्यवसाय २०२० साली मुंबईच्या पिडिलाइट कंपनीने विकत घेतला. फेव्हिकॉल करणारी कंपनी तीच. म्हणजे आमच्या डब्यातले दोन्ही शेजारी अखेर एका घरचे झाले.

आता ज्यासाठी वाचकांनी इथवर सोबत केली, त्या व्यवहाराच्या गोष्टी. प्रत्येक घरात अशा दोन नळ्या कुठेतरी पडलेल्या असतात. त्या टाकून देणे आपल्या जिवावर येते आणि वापरणे धोक्याचे ठरू शकते. आम्ही शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट टोपणांची. नळ्या उघडण्यापूर्वीच एका नळीला आणि तिच्या टोपणाला रंगीत खूण करावी, म्हणजे अदलाबदल होणार नाही. वापर झाला की प्रत्येक नळीचे तोंड वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसावे. एकाच फडक्याने दोन्ही पुसली की आपणच दोन्ही द्रव्ये तोंडाशी एकत्र आणतो. नळी नेहमी शेपटाकडून गुंडाळत यावे, म्हणजे आत हवा राहत नाही. टोपण अडकले तर पक्कडीने पिरगळू नये, पत्रा फाटतो. टोपणाकडचा भाग थोडा वेळ गरम पाण्यात धरावा.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या किनारपट्टीची दमट हवा हार्डनरचा शत्रू आहे. तो हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, दाट होतो, त्याचा रंग बदलतो. रेझिन त्या मानाने सोशिक असते. म्हणून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, घट्ट झाकणाच्या डब्यात, तोंड वर करून, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवाव्यात. नाहणीघराच्या फळीवर तर मुळीच ठेवू नयेत. काही जण त्या फ्रिजमध्ये ठेवतात. थंडीने रेझिनमध्ये साखरेसारखे खडे धरतात आणि ते पांढरे दिसते. बाहेर काढल्या काढल्या टोपण उघडले तर हवेतील ओल आत धरते. ठेवल्याच असतील तर नळ्या खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडाव्यात.

रेझिन पांढरे झाले, खडे धरले, म्हणजे ते मेले असे नव्हे. टोपण घट्ट लावून नळी पिशवीत घालावी आणि हाताला चटका बसेल न बसेल अशा पाण्यात अर्धा तास ठेवावी. खडे विरघळून रेझिन पुन्हा स्वच्छ होते. मग निवू द्यावे आणि वापरावे. विस्तवावर मात्र कधीही धरू नये. हार्डनर किंचित पिवळा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तपकिरी, तारा सुटणारा किंवा गुठळ्या झालेला हार्डनर मात्र कितीही गरम केला तरी पूर्ववत होत नाही. त्यात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

तिसरी गोष्ट तारखेची. नळीवर छापलेली मुदत ही न उघडलेल्या, नीट ठेवलेल्या नळीची असते. उघडल्या दिवशी आपण स्वतः तिच्यावर तारीख लिहावी. आमच्या वडिलांच्या डब्यातील नळ्यांवर त्यांनी कोरून तारखा लिहिलेल्या असत. आम्ही लहानपणी ते पाहिले होते, पण ती त्यांची एक लकब आहे, असे समजलो.

चौथी गोष्ट परीक्षेची, आणि सर्वांत महत्त्वाची. जुनी नळी ही तिच्या चेहऱ्यावरून खरी-खोटी ठरवू नये. फुटक्या कौलाचे किंवा लादीचे दोन तुकडे घ्यावेत. दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीचे पट्टे काढावेत. खिळ्याने भोक मोठे केलेल्या नळीचा पट्टा जाड येतो, म्हणून लांबीबरोबर जाडीकडेही पाहावे. मग सर्वत्र एकच रंग दिसेपर्यंत, निदान दोन-तीन मिनिटे, कडा आणि तळ खरवडत घोटावे. तुकडे जोडावेत, उरलेला थेंब शेजारी ठेवावा आणि चोवीस तास विसरून जावे. दुसऱ्या दिवशी त्या थेंबात नख रोवून पाहावे. नखाची खूण उठली, थेंब चिकट लागला किंवा सोलला गेला, तर नळ्यांना निरोप द्यावा. थेंब काचेसारखा कडक असेल आणि तुकडे ओढूनही सुटत नसतील, तर औषध अजून कामाचे आहे. पाच मिनिटांत घट्ट होणारे औषध असले तरी ही परीक्षा दुसऱ्या दिवशीच घ्यावी. पाच मिनिटांत ते धरते एवढेच, पूर्ण बळ यायला कित्येक तास लागतात.

परीक्षेत उतरलेल्या जुन्या औषधालाही आम्ही आता सारीच कामे सांगत नाही. चित्राच्या चौकटीचा कोपरा, नाताळच्या गोठ्यातील मेंढराचा कान, खणाची मूठ, मुलांचे खेळणे, यांसाठी ते पुरेसे आहे. ज्या वस्तूवर माणसाचा भार पडतो, तिला जुने औषध नाही : काठी, शिडी, खुर्चीचा पाय, भिंतीवरची जड फळी. चहाच्या कपाचा कान चिकटवू नये. कढत चहाच्या उष्णतेने साध्या घरगुती एपॉक्सीचा जोड मऊ पडतो आणि चहा मांडीवर येतो. तोंडी लागणाऱ्या भांड्याला तर हे औषध लावूच नये. वारशाने आलेली मौल्यवान वस्तूही आपल्या हातांनी याने चिकटवू नये. मोडक्या मातीच्या भांड्यांसाठी वस्तुसंग्रहालयांतील जाणकार बहुधा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारी पॅरालॉइड बी-७२सारखी द्रव्ये पसंत करतात. कारण आज केलेला जोड चुकला तर उद्या कोणाला तो सोडवता आला पाहिजे. एपॉक्सीचा चुकलेला जोड सहजी सुटत नाही.

आणि हातांची काळजी. हे औषध काही जणांच्या त्वचेला बाधते आणि एकदा बाधले की पुढे थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठतो. हातमोजे घालावेत. अंगाला लागले तर साबण-पाण्याने धुवावे, थिनरने नव्हे. टाकायच्या नळ्यांतील उरलेले थोडेसे औषध मोरीत ओतू नये. दोन्ही एकत्र करून घट्ट झाले की कचऱ्यात टाकावे.

मावशींच्या काठीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांचा मुलगा बाहेर गेला होता, तो अर्ध्या तासाने परत आला. त्याने काठी उचलली आणि आम्हांला म्हणाला, “चला.” आम्ही दोघे गावातील सुताराकडे गेलो. सुताराने मुठीची पोकळी आतून खरवडली, पितळ पॉलिश कागदाने खरखरीत केले, काठीचे टोक जुना डिंक जाऊन कोरे लाकूड दिसेपर्यंत तासले. नव्या नळ्यांतून औषध घोटून लावले. मग मूठ आणि लाकूड यांच्या आरपार एक भोक पाडून त्यात पितळी खीळ ठोकली आणि दोन्ही बाजूंनी घासून सपाट केली.

“नुसतं औषध पुरलं नसतं का?” आम्ही विचारले.

“औषध फट भरतं, फादर. भार खिळीने घ्यायचा,” तो म्हणाला.

पुढे आम्ही वाचले की, १९७३ साली पूर्ण झालेल्या सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या छतावरील कमानींचे काँक्रीटचे ठोकळे जोडतानाही सांध्यांना एपॉक्सी लावले गेले. पण ठोकळ्यांच्या आरपार पोलादी तारा ओवून त्या ताणून बांधल्या होत्या. आमच्या सुताराने सिडनी पाहिलेले नाही.

काठी तीन दिवस सुताराकडेच राहिली. त्याने आधी दिली नाही. प्लास्टर निघाल्यावर मावशी पुन्हा देवळात येऊ लागल्या. उजव्या मनगटाला थोडा बाक राहिला. हस्तांदोलन करताना तो आमच्या हाताला जाणवत असे. २०२२ साली त्या वारल्या. काठी आता त्यांच्या शेजारणीकडे आहे. मूठ हलत नाही. आम्ही अधूनमधून विचारतो.

त्या खाटेशी बसून आम्हांला जे उमगले, त्याचे आम्ही दोन नियम केले आहेत. कोणी वस्तू घेऊन आले की आम्ही ‘उद्या न्या’ म्हणत नाही, ‘चार दिवसांनी या’ म्हणतो. आणि वस्तू परत देताना सांगतो, “ही नीट झालेली नसेल तर परत आणा. आम्हांला वाईट वाटणार नाही.” हे दुसरे वाक्य सुरुवातीला आम्हांला फार जड गेले. लोकांनाही ते खरे वाटेना. गेल्या वर्षी मात्र एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आपली कंपासपेटी घेऊन आली आणि मेजावर ठेवत म्हणाली, “फादर, बिजागरी परत सुटली. तुम्ही नीट नाही लावली.” तिची आई दारात ओशाळून उभी होती. आम्ही त्या मुलीला खुर्चीवर बसवले आणि डबा उघडला.

डब्यात आता फुटक्या लादीचा एक लांबट तुकडा असतो. त्यावर ओळीने वाळूच्या दाण्याएवढे, वाटाण्याएवढे थेंब आहेत आणि प्रत्येकाखाली तारीख. दर पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस आम्ही नळ्यांची परीक्षा घेतो. वाचकहो, येत्या रविवारी घरातील नळ्या शोधून काढा, एक थेंब लादीवर ठेवा आणि सोमवारी नख रोवून पाहा. टाकायची वेळ आली असेल तर मन घट्ट करा. नव्या जोडीला फारसे पैसे पडत नाहीत. त्या मुलीसमोर आम्ही नख रोवले, तेव्हा शेवटच्या थेंबावर खूण उठली. नळ्या टाकल्या आणि तिला पैसे देऊन नव्या आणायला पाठवले. तिने येताना पावतीही आणली आणि आम्ही सांगण्याआधीच विचारले, “तारीख कुठे लिहायची?”